शांतीने जा

डीकन हे पद चर्चमध्ये प्रेषितांच्या काळापासून चालत आलेलं, डोक्यावर हात ठेवून दिलं जाणारं आणि मरेपर्यंत न पुसलं जाणारं पवित्र पद आहे. प्रत्यक्षात डीकनचा बहुतेक वेळ खुर्च्या लावण्यात जातो.

या गोष्टीतल्या डीकनला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. निवृत्त होईपर्यंत तो लिफ्ट दुरुस्त करायचा, तेव्हा लोकांची ओझी वरखाली करण्याची त्याला सवय होती. बायको आणि लग्न झालेली मुलगी असूनही बिशपांनी त्याला दीक्षा दिली होती. बाळांना बाप्तिस्मा द्यायचा, लग्नं लावायची, मेलेल्यांना पोचवायचं, आजाऱ्यांना घरी कम्युनियनचा प्रसाद न्यायचा, हे सगळं त्याच्याकडे. पण मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, साजरी करायची नाही आणि कोणाची पापं ऐकायची नाहीत. थोडक्यात घरजावयासारखं. सगळ्या खोल्यांत वावर, तिजोरीची किल्ली मात्र सासऱ्याच्या कमरेला.

खुर्च्यांचं म्हणाल तर गायकवृंदाला त्या अर्धगोलात हव्या असत आणि वेदीवर फुलं सजवणाऱ्या मावशींना सरळ रांगेत. कशाही लावल्या तरी रविवारी तक्रार यायचीच.

एक वाक्य मात्र खास डीकनचं होतं. शेवटचा आशीर्वाद झाला की लोकांकडे तोंड करून म्हणायचं, "मिस्सा समाप्त झाली आहे. शांतीने जा." लोक उत्तर देतात, "देवाला धन्यवाद." इतक्या मनापासून ते दुसरं काहीच म्हणत नाहीत. डीकन हजर असेल तर ते वाक्य फादरनीही म्हणायचं नसतं.

त्या रविवारी ते म्हणायचं राहून गेलं.

झालं असं, की आशीर्वाद चालू असतानाच झग्याखालच्या खिशात फोन थरथरला. लेकीचे दिवस भरत आले होते आणि ती दूरच्या शहरात होती. मागच्या खेपेला बाळ पोटातच गेलं, तेव्हा बाबा खुर्च्यांच्या बैठकीत होते आणि त्यांचा फोन बंद होता. यावर ती कधी काही बोलली नाही, त्यामुळे तो विषय मिटलाही नव्हता. या वेळी पुढच्या रविवारची गाडी धरून दोघांनी तिच्याकडे जायचं ठरलं होतं. डीकनने हळूच फोन पाहिला. 'काही विशेष नाही, सहज. येताय ना?' त्याने वर बघितलं तोवर पेटीवाल्याने सूर धरला होता, फादर वेदीवरून उतरले होते आणि लोक दाराकडे निघाले होते.

'कोणाच्या लक्षातही आलं नाही,' असं मनाशी म्हणून तो खुर्च्या गोळा करायला लागला.

लोक अंगणात नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळले. ऊन चढलं तरी कोणी हलेना. फादर खूश झाले. "बघ डीकन! समाजजीवन, समाजजीवन म्हणून मी घसा कोरडा करतो, ते हेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी डीकनने खुर्च्या लावताना वर पाहिलं, तर फुलांच्या मावशी त्यांच्या नेहमीच्या बाकावर बसलेल्या.

"मावशी, आज काय विशेष?"

"काही नाही रे. गॅसवर दूध ठेवलं होतं. पण घरी आहे असं वाटेचना. म्हटलं, जरा बसावं."

"दूध?"

"हो ना," मावशी म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.

त्यांच्या मागे दोघं-तिघं होते. मग आणखी आले. बेकरीवाला हाताला पीठ तसंच घेऊन आला. जो तो रविवारी जिथे बसतो, तिथेच बसत होता. बोलत कोणी नव्हतं. गुरुवारपर्यंत चर्च भरलं. डीकनची बायकोसुद्धा तिसऱ्या रांगेत, मांडीवर प्रवासाची पिशवी घेऊन. "अहो, निघायचंय ना आपल्याला?" एवढंच ती म्हणायची, आणि परत वेदीकडे बघायची. मेणबत्त्या जळत होत्या आणि कमी होत नव्हत्या. आत कोंदट, ओल्या कपड्यांचा वास साचला होता.

शुक्रवारी बेकरीवाला जागेवरूनच कुजबुजला. "डीकन, माझ्या आईला कम्युनियन द्याल? डॉक्टर म्हणतात, आता काही उरलेलं नाही. पण ती जात नाहीये."

त्याची आई शिवणकाम करायची. रविवारी मिस्सा आटोपून घरी गेली आणि मशीनसमोरच कोसळली. डीकन प्रसादाची डबी गळ्यात अडकवून गेला. खोलीत शिवणयंत्रावर अर्धवट बाही पडलेली, म्हातारीच्या बोटात अजून अंगुस्तान. डोळे दारावर. बंद पडलेल्या लिफ्टचं दार फाकवलं की आतली माणसं नेमकी अशीच बघत असायची.

त्याने प्रार्थना म्हटल्या. काही झालं नाही. मग कुणास ठाऊक का, रविवारच्या आवाजात तो म्हणाला, "मिस्सा समाप्त झाली आहे. शांतीने जा."

"देवाला धन्यवाद," म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली.

आणि गेली.

डीकन जवळजवळ पळतच चर्चमध्ये परतला. सगळे तसेच बसले होते. तो आपल्या जागी उभा राहिला आणि त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं.

"देवाला धन्यवाद!" चर्च दुमदुमलं. लोक उठले, एकमेकांना कोपरं मारत दाराकडे धावले. "अगंबाई, दूध!" मावशींचा आवाज अंगणातून आला. बायकोही पिशवी उचलून निघाली. "अहो, चला लवकर! आजचीच गाडी धरू. लेकीच्या पोटात दुखायला लागलंय म्हणे!"

"आलोच."

बायको बाहेर टॅक्सीत बसली. डीकनला दारातून ती दिसत होती. त्याने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

समोर वेदी होती. दार पाठीमागे होतं.

तो वळला. पुन्हा गेला. पुन्हा वेदी.

बाजूच्या खोलीच्या दाराने जाऊन पाहिलं. वेदी.

आठवडाभरात आपण घरी कधी गेलो, हे त्याला आठवेना. प्रसाद घेऊन शिवणवाल्या आजीकडे गेलो होतो. पण प्रसाद घेऊन जाणं म्हणजे मिस्साच पुढे नेणं. ते बाहेर जाणं नव्हे.

टॅक्सीचा हॉर्न वाजला. "तू हो पुढे!" तो ओरडला. बायकोने त्याच्याकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने पुष्कळदा ऐकलं होतं. टॅक्सी गेली.

फादर सांत्वनाला आले. "मी तुला म्हणालो असतो रे, पण ते वाक्य तुझं आहे. तू असताना मी कसं म्हणू?"

"म्हणा, फादर. मी कोणाला सांगणार नाही."

फादरनी इकडेतिकडे बघून म्हटलं. डीकनने 'देवाला धन्यवाद' म्हटलं, दारापर्यंत गेला आणि वेदीसमोर येऊन उभा राहिला. फादर अवघडले. "दुसरा डीकनच लागणार. बिशपांच्या कचेरीत कळवतो," म्हणाले आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला. पलीकडे बाळ रडत होतं. चांगलं, दमदार.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"इथेच. चर्चमध्ये."

लेकीने बाळाला थोपटल्याचा आवाज आला.

"बैठक आहे का?"

"हो," डीकन म्हणाला.

तिने फोन ठेवला. डीकन पहिल्या खुर्चीत बसला. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना तो नेहमी एकच गोष्ट सांगायचा: आतून दार ओढू नका, बाहेरून कोणीतरी येतंय. दाराकडे बघत त्याने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

बिशपांच्या कचेरीतून उत्तर आलं, की सध्या डीकनांची टंचाई आहे आणि विनंतीचा यथावकाश विचार केला जाईल. खुर्च्यांबद्दल मात्र त्यानंतर एकही तक्रार आलेली नाही.