राबात गेलेली रासबेरी

जुईली वाटी घेऊन परसात आली तेव्हा सात वाजायचे होते. आदल्या संध्याकाळी तिने रासबेरीच्या झुडपावर जाळी ओढून, कडांना विटा ठेवून बुलबुलांचा पक्का बंदोबस्त केला होता. ही महाबळेश्वरकडची रासबेरी. आधी हिरवी, मग लाल आणि खरी पिकली की जांभळट काळी. लाल रंगाला भुलून जो तोडतो, त्याचं तोंड दिवसभर आंबट राहतं.

जाळीखालची फळं जागच्या जागी होती. पण काही लांब फांद्या कमान करून तारेच्या कुंपणापलीकडे झुकल्या होत्या, आणि त्या फांद्या... हळूहळू हलत होत्या. वारा तर नव्हता. आणि बुलबुल काही इतके गप्प बसून खात नाहीत.

ती चवड्यांवर उभी राहिली. पलीकडे बांधावर एक तरुण उकिडवा बसून, डोळे मिटून, अगदी नैवेद्य घ्यावा तसं एकेक फळ तोंडात टाकत होता.

"एवढा मोठा बुलबुल मी पहिल्यांदाच बघतेय," जुईली म्हणाली.

तो दचकून उठला. उठताना शर्टाची बाही काट्यात अडकली, त्यामुळे पळून जायची सोय राहिली नाही.

"मी... बांध बघायला आलो होतो."

"जीभ दाखवा."

"काय?"

"जीभ."

का कोण जाणे, त्याने शाळेतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढली. ती शाईत बुडवल्यासारखी जांभळी झाली होती. जुईलीला हसू आलं, पण ते तिने ओठांच्या आत ठेवलं.

"झाड माझं आहे," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी वाईहून आणलंय."

"असेल. पण हे बघा." त्याने खाली वाकून एका फांदीच्या टोकाजवळची माती बोटाने बाजूला केली. जमिनीला टेकलेल्या त्या टोकाला पांढरी मुळं फुटली होती आणि चांगली आत रुतली होती. "तुमचं झाड आमच्याकडं नांदायला आलंय. आता माहेरची सत्ता संपली."

जुईलीचे कान गरम झाले. एवढ्यात खालच्या भातखाचरातून कुणीतरी हाक मारली.

"निरंजन! कुनाशी बोलतुयास रं?"

ते गेणबा, निरंजनचे आजोबा. कमरेवर हात ठेवून चढ चढून आले. त्यांनी झुडूप बघितलं, नातवाचं तोंड बघितलं, जुईलीच्या हातातली रिकामी वाटी बघितली आणि निवाडा देऊन टाकला. "झाड तुमचं, भुई आमची. निम्मं निम्मं खावा आन् गप ऱ्हावा." मग एक फळ तोंडात टाकून ते बराच वेळ जिभेने दात चाचपत राहिले. "बी लई अडकतं ह्याचं," असं म्हणून त्यांनी आणखी चार घेतली.

अशी त्या चैत्रात कोळवण गावच्या त्या कुंपणावर वाटणी ठरली. सकाळी सात ते साडेसात. अलीकडे ती, पलीकडे तो.

जुईलीचं कुटुंब वाईचं. वडील जनार्दनराव टपाल खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी इथे पाच गुंठे घेऊन लहानसं घर बांधलं. जुईली आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला कंपनीत जायची, बाकीचे दिवस घरूनच काम करायची. निरंजनची घरची भातशेती आणि गावात भाताची गिरणी. शेतकी पदवी घेऊन तो चार वर्षं पुण्यात राहिला होता. त्यामुळे बोलायचा शहरी, पण घाईत असला किंवा मनातलं बोलायची वेळ आली की मावळातली बोली वर यायची. हे जुईलीच्या आठवडाभरातच लक्षात आलं होतं.

"ओढू नका हो," ती सांगायची. "पिकलेलं फळ नुसतं बोट लावलं तरी सुटतं. सुटलं नाही तर समजायचं, अजून त्याच्या मनात नाही."

"आणि मनात आहे की नाही, हे रोज येऊन विचारायचं?"

"रोज विचारायचं. पण धसमुसळेपणा करायचा नाही."

"मी धसमुसळा दिसतो?"

"बाहीकडे बघा."

बाही पुन्हा काट्यात अडकलेली असायची. ती तारेतून हात घालून सोडवायची. बाही सोडवायला लागणारा वेळ दिवसेंदिवस वाढतच चालला होता.

फळं वाटीत मावेनाशी होऊन पातेल्यात साठू लागली, तेव्हा जुईलीने जॅम करायला घेतला. फळांच्या पाऊणपट साखर, वर अर्ध्या लिंबाचा रस. थंड बशीत थेंब टाकून बघायचं. थेंब पसरला नाही की झाला. तिच्याने धीर धरवला नाही आणि जॅम पातळ राहिला. तरी तिने एक बरणी कुंपणावरून दिली.

निरंजनने बरणी तिरकी करून बघितली. "हे खायचं की प्यायचं?"

"आवडलं नाही तर परत द्या."

बरणी दुसऱ्या दिवशी परत आली, स्वच्छ धुतलेली. पण दिल्या घरचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? म्हणून तीत आंबेमोहोर तांदूळ होता. मग तिलाही बरणी रिकामी परत पाठवणं बरं दिसेना. तिने रासबेरी घातलेलं श्रीखंड भरून दिलं. तिकडून करवंदं आली, इकडून रासबेरीचं सरबत गेलं. महिनाभर ती एकुलती एक बरणी या घरातून त्या घरात जात राहिली आणि दोन्ही घरांत कुणीच म्हणालं नाही की आता पुरे.

जुईलीची आई सुलक्षणाबाई मात्र वेगळ्याच विचारात होत्या. मुलीचा हिंजवडीचा प्रवास, तिथली वाहनांची गर्दी, रात्री आठला थकून येणं त्यांना बघवत नव्हतं. कंपनीजवळच मारुंजीला फ्लॅट घ्यायचा आणि दिवाळीच्या आत तिकडे जायचं, असं त्यांनी ठरवत आणलं होतं. इथलं घर विकायचं.

"आई, आत्ता कुठे रासबेरी धरायला लागलीय," जुईली म्हणाली. "पुढच्या वर्षी दसपट येईल. सोडून कसं जायचं?"

"रासबेरीसाठी?"

"हो... रासबेरीसाठीच."

सुलक्षणाबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बरं. रासबेरीसाठी एक वर्ष थांबू."

मेच्या मध्यावर फळं संपली आणि कंपनीने जुईलीला तीन आठवड्यांसाठी बंगळुरूला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी ती छाटणीची कात्री घेऊन कुंपणाशी आली.

"नीट ऐका. ज्या फांद्यांना यंदा फळ आलं, त्यांचं काम संपलं. त्या बुडापासून कापायच्या. नवीन फुटव्यांना हात लावायचा नाही, पुढच्या वर्षीचं सगळं फळ त्यांच्यावर येणार. कळलं?"

"कळलं," निरंजन म्हणाला. त्या वेळी तो तिच्या कपाळावर चिकटलेल्या बटेकडे बघत होता.

"काय कळलं?"

"तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस."

ती हसत हसत निघून गेली. तिने त्याला पुन्हा एकदा विचारायला हवं होतं, असं तिला नंतर फार वाटलं.

कारण निरंजन झुडपाशी गेला तेव्हा त्याला दोन प्रकारच्या फांद्या दिसल्या. काही तपकिरी, खडबडीत, जाणत्या. आणि काही लांबसडक, सरळ, अंगावर राख फासल्यासारख्या पांढऱ्या. बोट लावलं की पांढरी पूड बोटाला यायची. भातावरचे सगळे रोग ओळखणाऱ्या त्या शेतकी पदवीधराने मान हलवली. बुरशी. तिची बाग रोगाने जाऊ नये म्हणून त्याने कात्री उचलली. त्याने पांढरी कांडी एकूण एक कापली, अलीकडची आणि पलीकडचीही, आणि निरोगी दिसणाऱ्या तपकिरी फांद्या तशाच ठेवल्या.

आणि रोगट काडी कुठे टाकायची? आठवड्याने राब भाजायचा होता. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जागेवर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरतात आणि पेटवतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, राखेवर रोप जोमाने येतं. त्या राबात रासबेरीही गेली. रात्री त्याने जुईलीला निरोप धाडला: काम फत्ते. रोगसुद्धा मुळासकट काढला.

'कसला रोग?' असं तिला तिकडे वाटलं, पण कामाच्या गडबडीत ते राहून गेलं.

जूनमध्ये ती परत आली. बॅग दारातच ठेवून परसात गेली आणि उभीच राहिली. तपकिरी फांद्या वाळून काटक्या झाल्या होत्या. पांढरी एकही नव्हती.

निरंजन कुंपणाशीच होता. एकविसाव्या दिवशी सकाळपासून तिथेच होता, असं गेणबा नंतर सांगत असत.

"पांढऱ्या कुठायत?" तिने विचारलं.

"काढल्या. बुरशी होती."

"ती बुरशी नाही. कोवळ्या फांदीवर तशी पूड असतेच. त्याच... त्याच पुढच्या वर्षीच्या होत्या."

निरंजनचा चेहरा असा उतरला की एरवी तिला त्याची दया आली असती.

"कुठे टाकल्या? बघू तरी."

"राबात," तो अगदी हळू म्हणाला.

"जाळल्या?"

"आमच्या बाजूच्या पण. भेदभाव न्हाई केला."

एखाद्या दिवशी ती यावर हसली असती. त्या दिवशी ती तडक घरात गेली. मुळं जिवंत होती, नवे फुटवे येणारच होते. पण ते वर्षभर वाढणार, मग कुठे त्यांना फळ. म्हणजे पुढचा चैत्र कोरडा.

रात्री जेवताना तिने आईला सांगितलं. सुलक्षणाबाईंनी ताटात भात वाढला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आता कशासाठी राहायचं?"

जुईलीने हातातला घास तसाच ताटात ठेवला. उत्तर होतं. पण इतके दिवस ते रासबेरीच्या आड उभं होतं. आता पुढचं झुडूपच जळून गेलं होतं आणि ते उघड्यावर आलं होतं. तिला स्वतःलाच ते बघायची लाज वाटली.

"बघू," ती म्हणाली.

बघता बघता जुलै आला. ती कुंपणाकडे फिरकली नाही. बरणी निरंजनच्या घरी अडकली होती. त्याने ती तीनदा भरली आणि तीनदा, आता काय तोंड दाखवायचं म्हणून, रिकामी केली. मारुंजीच्या दलालाने रविवारी फ्लॅट बघायला बोलावलं. जनार्दनरावांनी गाडीची हवा तपासून ठेवली.

शनिवारी दुपारी पावसाची बारीक भुरभुर होती. खाचरांत लावणी चालली होती. जुईली छत्री घेऊन बांधावरून चालत गेली आणि निरंजन दिसला तिथे थांबली. तो गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी घेऊन उभा होता. तिला पाहून जुडी तशीच हातात राहिली.

"रोप छान आलंय," ती म्हणाली. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"तुमच्या रासबेरीच्या राखेवरचं आहे." त्याने खाली बघितलं. "सगळ्या खाचरांत हेच जास्त हिरवं आहे. बघितलं की... लाज वाटते."

"उद्या आम्ही मारुंजीला फ्लॅट बघायला चाललोय."

पाऊस निरंजनच्या भुवयांवरून ओघळत होता, तो त्याने पुसलाही नाही.

"आई विचारतेय, रासबेरी तर गेली, आता कशासाठी राहायचं. मी काय सांगू?"

"सांगा की... दोन वर्षांनी पुन्हा येईल."

"दोन वर्षांनी. बरं. एवढंच सांगू?"

"खत मी देईन. छाटणी मात्र तुमीच करा."

"अजून?"

निरंजनने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा जुडीकडे. मग शहरी मराठी चिखलात गळून पडावी तसं म्हणाला, "मला बोलाया येत न्हाई जुईली. तू गेलीस तं मी सकाळी सातला कुटं जाऊ?"

छत्री कधी बाजूला झाली ते तिला कळलं नाही. चपला बांधावर काढून ती खाचरात उतरली. पहिल्याच पावलाला पाय पोटरीपर्यंत गेला आणि ती कलंडली. त्याने एका हाताने तिला सावरलं, दुसऱ्या हातातली जुडी मात्र सोडली नाही. शेवटी शेतकरीच तो.

"तू मला तू म्हणालास," ती म्हणाली.

"चुकून."

"अशा चुका चालतील. कात्रीच्या नकोत."

पलीकडच्या बांधावरून गेणबांचा आवाज आला. "आरं, धरून काय हुबा ऱ्हायलास? येक तं लावणी कर, न्हाईतर घरी सांगून ये."

"मीच सांगते घरी," जुईली म्हणाली. आणि मग लगेच, थोडी घाबरून, "म्हणजे... सांगते ना?"

"सांग," निरंजन म्हणाला. त्याचा हात अजून तिच्या दंडावर होता. चिखलाची पाच बोटं तिच्या पिवळ्या कुर्त्यावर उठली होती.

ती घरी आली तेव्हा सुलक्षणाबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. त्यांनी मुलीचे पाय बघितले. मग कुर्त्याची बाही बघितली, तिथे जरा थांबल्या.

"आई, मला इथेच राहायचंय," जुईली म्हणाली. "आणि ते रासबेरीसाठी नाही. रासबेरीसाठी कधीच... म्हणजे थोडंसं होतं. पण खरं कारण निरंजन आहे. त्यालाही तसंच वाटतं. आत्ताच विचारून आले."

शेंगा सोलायचा आवाज थांबला. सुलक्षणाबाईंनी हात पदराला पुसले, शेजारचा फोन उचलला आणि नंबर लावला.

"हो, मी बोलतेय. उद्याचं रद्द करा... नाही हो, किमतीचं काही नाही, फ्लॅट चांगलाच असणार. आमच्या मुलीला इथेच काम निघालंय." त्यांनी जुईलीकडे बघितलं. ती चिखलाच्या पायांनी, श्वास रोखून दारात उभी होती.

"हो," सुलक्षणाबाई फोनमध्ये म्हणाल्या, "पर्मनंट."