कातळातल्या कोंडवाड्याचं दार

माझी रिस्तेनमावशी थापा मारणारी बाई नाही. अख्खं आयुष्य रेनडिअरांच्या मागे गेलंय तिचं. तिनं सांगितलं तसंच सांगते.

२०१९. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. पार उत्तरेकडच्या आल्ता गावाच्या खाडीकाठचा कातळ.

आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारी दोनची.

कातळावर हजारो वर्षांपूर्वीची कोरीव चित्रं आहेत. उन्हात पुसट रेषा दिसत नाहीत. म्हणून मावशी काळ्या ताडपत्रीखाली पालथी पडून, बॅटरी आडवी धरून कोरलेले प्राणी शोधत होती. आत उजेड जाऊ नये म्हणून तिच्या नवऱ्यानं, नीलासकाकांनी, कडांवर दगड ठेवले होते.

"काय दिसतंय गं?" काकांनी बाहेरून विचारलं.

"कोंडवाडा कोरलाय. आत रेनडिअर... बहुधा सात."

"बहुधा काय? चष्मा पूस की!"

"तूच ये आत, मग बोल."

तेवढ्यात आठवा दिसला... कोंडवाड्याच्या दारात. डाव्या कानाला वर दोन खाचा, खाली एक.

आमच्यात, रेनडिअर पाळणाऱ्यांत, पिल्लांच्या कानाला सुरीनं खाचा करतात. प्रत्येक घराची खूण वेगळी. कळप कोंडवाड्यात घेतला, की आपली खूण दिसलेला माणूस ओरडतो आणि जनावर ओढून नेतो.

ही तर मावशीच्याच घरची खूण!

सवयीनं ती ओरडली, "आमचं आहे!"

काका हसले नाहीत.

मग... टक. टक.

चालताना रेनडिअरच्या पायातून येतो, तो आवाज. आधी एक. मग कितीतरी. ताडपत्रीभोवती गोल... गोल...

"नीलास, पुरे हं चेष्टा!"

ताडपत्री पाठीवर दाबली गेली. तिनं कड उचलायचा प्रयत्न केला. दगड हलेना. दुसरी कड... तीही नाही. श्वास कोंडला. मावशी लहान मुलीसारखी रडायला लागली.

बॅटरी कातळावर पडली होती. तिच्या उजेडात...

आठवा रेनडिअर तिथं नव्हता. कोंडवाड्याचं दार मोकळं होतं.

ते दार ज्या बाजूला होतं, तिकडे ती सरपटत गेली. कड सुटली. डोकं बाहेर निघालं... आणि कुणीतरी मान खाली दाबली. कानात आग पेटली.

मग एकदम ऊन.

काका समोरच उभे होते. "अगं, कधीपासून हाका मारतोय! ओ तरी..."

त्यांची नजर तिच्या कानावर गेली.

मावशीचा डावा कान कापला होता. सुरीनं कापावा तसा, सफाईदार. वर एक खाच, खाली तीन.

आम्ही खुणांची सगळी नोंदवही चाळली. ती खूण कुठल्याच घराची नाही.

मावशी आता कळपाला जात नाही. शरद ऋतू आला की कानावर रुमाल बांधून घरातच बसते.

गेल्या आठवड्यात तिनं मला विचारलं, "कुणी दारात येऊन 'आमचं आहे' म्हणालं, तर गं?"

मी उठून दाराची कडी लावली.