रखमाजीचा वारा

परतूरला लाइट गेली की काकासाहेबांच्या ओट्यावर पोरं आपोआप गोळा होत. त्या रात्रीही झाली. मुकुंदनं नेहमीसारखं डिवचलं, "काका, चर्चमधी भूत ऱ्हातंय का हो?"

काकासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. "भूत म्हणलो न्हाई मी. मच्छिंद्र माझा मावसभाऊ. त्यानं जे सांगितलं ते सांगतो. मधी बोलायचं न्हाई."

मच्छिंद्र भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचा. एकोणीसशे शहाण्णवच्या डिसेंबरात त्याला जालन्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका चर्चमध्ये इंग्रजांच्या काळातला मोठा ऑर्गन होता. पुढे पेटीसारख्या पट्ट्या, त्यावर छतापर्यंत उभे नळ, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत बाजेएवढा चामड्याचा भाता. पन्नासहून जास्त वर्षं तो मुका होता. पंचांनी ठरवलं होतं, या नाताळात वाजला तर ठेवू, नाहीतर मोडून त्याची बाकं करू.

ही मुदत सरोजिनीबाईंनी भांडून मिळवलेली. शेजारीच राहायच्या, शाळेत शिकवायच्या.

"माझी आई वाजवायची हा," त्या म्हणाल्या. "मी तिला पाहिलं नाही. तिचा फोटोसुद्धा नाही. आईचं म्हणून एवढंच राहिलंय, मच्छिंद्रभाऊ."

"अन् मागं भाता कोण हाणायचं?"

"रखमाजी. त्यांना बिलकुल ऐकू यायचं नाही. आई लाकडावर दोनदा ठोकायची, तो ठोका भात्याच्या दांड्यातून त्यांच्या हाताला कळायचा. दोनदा म्हणजे वारा द्या. गाणं संपलं की एकदा. म्हणजे थांबा. मग ते तांब्याभर पाणी प्यायचे आणि तांब्या पालथा घालायचे. आणखी नको, म्हणून! पोरं हसायची म्हणे त्यांना."

हे सांगताना त्या स्वतःही हसल्या.

"एका नाताळात ऐन गाण्यात आईला कळा सुरू झाल्या. सगळे तिला उचलून धावले. मी जगले, ती गेली. त्या गडबडीत... एकदा ठोकायचं राहिलं. संध्याकाळी कोणीतरी मागं जाऊन बघितलं, तर रखमाजी दांड्याला धरूनच गार पडलेले..."

मच्छिंद्र कामाला लागला.

तेवीस डिसेंबर, सोमवार. दत्तजयंतीची आदली रात्र, बाहेर टिपूर चांदणं. मच्छिंद्रनं दिवसभर खपून भात्याच्या घड्यांना मेंढीचं नवं कातडं सरसानं चिकटवलं होतं. सकाळपर्यंत ते हलायला नको होतं. हललं तर सुटणार, आणि नाताळाआधी दुसरं कातडं मिळणार नव्हतं. म्हणून तो राखणीला तिथेच थांबला. जेवला. कंदील घेऊन सहज पट्ट्यांपुढे बसला.

पेटीवाल्यांची एक खोड असते. लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं, आत भुंगा तर लागला नाही ना.

ठक. ठक.

मागं दांडा करकरला.

मच्छिंद्रला वाटलं, मांजर असेल. पुन्हा करकरला. वर... खाली. वर... खाली. नळांतून धूळ उडाली. ऑर्गननं श्वास घेतला. एक पट्टी अडकलेली होती, तिचा सूर हळूहळू वर आला. माणूस कण्हतो तसा.

तो कंदील घेऊन मागं गेला.

खोलीत कोणी नव्हतं. दांडा हलत होता.

भाता फुगत होता. ओला सरस चरचरत होता.

"आरं थांबा! फाटंल ना!" तो ओरडला. मग आठवलं... ऐकू कुठं येतंय. तो पुढे पळाला आणि घाबरून लाकडावर मुठी मारत सुटला. ठक ठक ठक ठक...

दांडा दुप्पट जोरानं चालू लागला.

अनवाणीच धावत जाऊन त्यानं सरोजिनीबाईंचं दार वाजवलं. बाई शाल ओढून आल्या. दारातच थबकल्या. आतून तो सूर येत होता.

"बाई, आत नगा जाऊ."

त्या गेल्या. बाकावर बसल्या. घरच्या पेटीवर शिकलेलं नाताळाचं एक गाणं त्यांनी वाजवलं. पहिलं कडवं. दुसरं. मागं वारा बराबर येत होता, कुठं कमी नाही, जास्त नाही. शेवटचा सूर विरला.

मग त्यांनी लाकडावर हात टेकला. बराच वेळ तसाच ठेवला.

ठक.

दांडा अर्ध्यात थांबला. हळू... खाली बसला.

बाईंनी मच्छिंद्रचा पाण्यानं भरलेला तांब्या उचलला, मागच्या खोलीत दांड्याजवळ नेऊन ठेवला. दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मच्छिंद्रच्या हातात दिली. त्या रात्री तो त्यांच्या ओसरीवर बसून राहिला. किल्ली मुठीतच.

उजाडल्यावर दोघांनी मिळून कुलूप काढलं. कातडं कुठंच सुटलं नव्हतं. नाताळाला ऑर्गन वाजला, अजून वाजतो.

"मंग पाण्याचं काय झालं, काका?" मुकुंदनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

काकासाहेबांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला.

"फरशी कोरडी ठाक होती," ते म्हणाले. "अन् तांब्या पालथा घातलेला."