मधल्या जिन्यावरची जागा

माझं काम चित्रपट बघण्याचं नाही, तपासण्याचं आहे. लोकांना दोन्ही एकच वाटतं. खालून दिवा लावलेली काच, दोन बाजूंना हातानं फिरवायची दोन चाकं आणि हातात पांढरे सुती मोजे. फिल्मची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते, मी तिच्या कडेवरून अंगठा फिरवत कुठे फाटलंय, कुठे जोड सुटलाय ते पाहतो आणि डब्यातल्या कार्डावर लिहितो. आमच्या चित्रपट संग्रहालयात जुना नियम आहे. खात्रीची नोंद शाईनं करायची, संशय असेल तर पेन्सिलीनं. सव्वीस वर्षांत माझी एक पेन्सिल अर्धीसुद्धा झिजली नव्हती, आणि याचा मला थोडा गर्वच होता.

गेल्या वर्षी आमच्या थंड खोलीचं यंत्र बंद पडलं. आठवडाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. दार उघडलं तेव्हा आंबूस वासानं डोळे चुरचुरले. फिल्मला हा आंबण्याचा रोग एकदा लागला की शेजारच्या डब्यालाही लागतो. नवीन थंड कपाटात जागा कमी होती, आणि ‘घड्याळजीं’च्या बारा चित्रपटांपैकी सहाच त्यात मावणार होते. उरलेले सहा टाकून द्यावे लागणार होते.

घड्याळजी हे त्या दिग्दर्शकाला आम्ही दिलेलं नाव. थरारपट काढावेत तर त्यानंच. गर्दीच्या दृश्यांत तो नट घेत नसे. रस्त्यावरची माणसं बोलावून आणायचा आणि कुणी किती सेकंद काय करायचं ते हातातल्या घड्याळावर मोजून घ्यायचा. त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली. बाराही चित्रपटांच्या आता आमच्याकडच्याच प्रती उरल्या होत्या.

“यादी तुम्हीच करा,” आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या. “एवीतेवी यातलं काय चांगलं, काय वाईट हे तुम्ही वीस वर्षं सगळ्यांना ऐकवताच आहात.”

ते खरं होतं. मी एका दुपारी कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘आवडते’, उजवीकडे ‘उगाच डोक्यावर घेतलेले’. डावीकडे पहिलं नाव ‘मधला जिना’. त्यात चार मिनिटांचा एकच अखंड शॉट आहे : रिकामा जिना, वर कुठेतरी ठिबकणारा नळ, बाकी काही नाही. कुणी येत नाही, कुणी जात नाही, आणि प्रेक्षक खुर्चीचा हात सोडत नाही. एकही माणूस न दाखवता भीती दाखवणारा दुसरा दिग्दर्शक मला माहीत नाही. उजवीकडे पहिलं नाव ‘सव्वासातची बस’. सगळ्यात गाजलेला. खुनी कोण ते मध्यंतराच्या आधीच कळतं, आणि पुढचा तासभर नुसती बस फिरत राहते.

अडचण एवढीच होती की त्या चित्रपटात आमची आई होती.

तिसऱ्या रिळात बसस्टॉपवर रांग आहे. रांगेत चौथी बाई, अकरा सेकंद. ती एक चौकड्यांचा रुमाल उलगडते, पुन्हा घडी घालते आणि पडद्याबाहेर बघते. ओठही हलवत नाही. त्याच वर्षी आई गेली. मी तीन वर्षांचा होतो, ताई नऊ वर्षांची. घरात आईचे दोन फोटो होते. हलणारी आई जगात फक्त या अकरा सेकंदांत होती. मला ती आठवत नाही, त्यामुळे ती आईच कशावरून, असं मी नेहमी म्हणायचो. ताईला शंका नव्हती. तो रुमाल तिच्या ओळखीचा होता. बसमध्ये आई पुढे चढायची, शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ती धरून ठेवायची, आणि ताई नि मी धापा टाकत आत पोचलो की मगच तो उचलायची.

यादीची गोष्ट मी ताईला फोनवर सांगितली. सांगितली नसती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, चित्रपट जाऊ दे, तेवढा तुकडा तरी कापून ठेव. मी तिला समजावलं की रिळाला कात्री लावायची नाही, ही आमच्या कामातली पहिली गोष्ट आहे. आणि नात्यागोत्यावरून चित्रपट वाचवायचे ठरवले तर उद्या प्रत्येक जण येऊन आपला काका शोधेल.

“बरोबर आहे तुझं,” ताई म्हणाली. “तू नेहमीच बरोबर असतोस.”

तिनं फोन ठेवला. उजवीकडच्या सहा चित्रपटांचे डबे ट्रकमधून गेले. त्या फिल्मचे बारीक तुकडे करतात आणि धुऊन त्यातली चांदी काढतात. पावतीवर मी सही केली.

वाचलेल्या सहा चित्रपटांची दरमहा तपासणी ठरली. पहिल्या महिन्यात ‘मधला जिना’ काचेवर घेतला, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. पाठमोरा, टपालवाल्याचा डगला, डावी बाही रिकामी.

मी काही लगेच घाबरलो नाही. माझ्याच घाईत दुसऱ्या रिळाचा तुकडा इथे जोडला गेला असेल, असं वाटलं. कडेवरून अंगठा फिरवला. जोड नव्हता. कडेला छापलेले आकडे ओळीनं होते. चौकटी मोजल्या, पाच हजार सातशे साठ, जितक्या हव्यात तितक्याच. एका हाताचा टपालवाला टाकून दिलेल्या चित्रपटांपैकी एकातला होता. मी पेन्सिल शोधली आणि लिहिलं : एक माणूस?

पुढच्या महिन्यात अकरा जण होते. जुळ्या परिचारिका, पेपरवाला, डोक्याला फडकं बांधलेली बाई. सगळे उजवीकडच्या यादीतले. घरातलं सामान हलवल्यावर माणसं जिथे जागा मिळेल तिथे टेकतात, तसे बसले होते. एकमेकांशी बोलत होते, पण आवाजाच्या पट्टीवर फक्त नळच होता.

प्रोजेक्टर चालवणाऱ्या सहकाऱ्याला मी तो भाग पडद्यावर लावायला सांगितला आणि जिन्यावर कोण दिसतंय ते विचारलं. तो म्हणाला, तीस वर्षांत त्यानं एकही चित्रपट पाहिलेला नाही. रीळ बदलायची खूण कधी येते याच्यावरच त्याचा डोळा असतो. गर्दी आहे खरी, म्हणाला. असेल पहिल्यापासून.

तिसऱ्या महिन्यात आई आली.

आठव्या पायरीवर, भिंतीच्या बाजूला. हातात चौकड्यांचा रुमाल. तिची उलगडण्याची आणि घडी घालण्याची लकब तीच होती. फक्त ती आता पडद्याबाहेर बघत नव्हती, शेजारच्या फडकंवाल्या बाईशी बोलत होती. मला भीती वाटायला हवी होती. मला लाज वाटली. मी तिला घराबाहेर काढलं होतं, आणि ती माझ्याच आवडत्या चित्रपटात आसऱ्याला आली होती.

त्या संध्याकाळी मी ताईला फोन केला. चार महिन्यांनी.

ती रविवारी दुपारी आली. ताई मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. लहान पडदा असलेल्या यंत्रावर मी रीळ चढवलं. आई दिसली तशी ताईनं तोंडावर हात दाबला. हे कसं काय, असं तिनं विचारलंच नाही. तीनदा बघितलं, रडली, नाक पुसलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “जरा हळू फिरव.”

मी हळू फिरवलं. ताईचे ओठ आईच्या ओठांबरोबर हलायला लागले. ओठ वाचणं हे तिचं रोजचं काम आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती एकदम उठली. पर्स आवरायला लागली. डॉक्टरकडे शेवटचा कधी गेलास, रक्तदाब किती आहे, जेवण वेळेवर होतं का, असं भराभर विचारत सुटली.

“काय म्हणतेय आई?”

“नीट कळलं नाही.”

“ताई.”

ती दाराशी थांबली. माझ्याकडे न बघता बोलली.

“त्या बाईला म्हणतेय, जरा सरका, माझा धाकटा येतोय.”

वर नळ ठिबकत होता. मी यंत्र बंद केलं.

“माझं नाव नाही घेतलं तिनं,” ताई म्हणाली. “टाकून तू दिलंस, आणि जागा तुझ्यासाठी.” ती हसायला गेली, पण जमलं नाही. मग तिनं माझं मनगट घट्ट धरलं. “ते रीळ पुन्हा काढू नकोस. माझी शपथ आहे.”

मी बरं म्हणालो.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुमच्या वयाला साजेसं सगळं आहे, म्हणाले. ताई रोज सकाळी फोन करते. मी उचलला की “काही नाही, सहज” म्हणते आणि ठेवते.

ताईची शपथ मी महिनाभर पाळली. पण तपासणी चुकवता येत नाही.

गेल्या सोमवारी फडकंवाली बाई हातभर बाजूला सरकलेली होती. आई आणि तिच्या मधल्या जागेवर रुमाल पसरलेला होता.

आता मी रोज बघतो. मंगळवारी रुमाल तिथेच. बुधवारी तिथेच. गुरुवारीही.

जिन्यावरचं बोलणं थांबलं आहे. सगळी माणसं खालच्या दाराकडे बघत आहेत.

आज सकाळी ताईचा फोन येऊन गेल्यावर मी मोजे चढवले आणि रीळ काचेवर घेतलं. आठव्या पायरीवर बराच वेळ थांबलो. मग कार्ड ओढलं, पेन्सिल बाजूला ठेवली आणि शाईनं लिहिलं : आठवी पायरी. जागा एक, रिकामी. रुमाल उचललेला.