टोपलीतलं वजन

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे, आणि जे घडलं त्यात माझाही वाटा आहे.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम. एखादी गोष्ट दोनदा पाहिल्याशिवाय मी खरी मानत नाही.

ही मी दोनपेक्षा जास्त वेळा पाहिली आहे.

गेल्या वर्षीचा मार्च, दुसरा शनिवार. तलावाकाठचं एक मोकळं मैदान. दिवेलागणीची वेळ.

पण आधी गाडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे बाबा पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर होते. आपल्या जुन्या मोटरसायकलच्या डाव्या अंगाला त्यांनी स्वतःच्या हातांनी साइडकार बनवून जोडली होती. मागे एका चाकाचा छोटा ट्रेलर. त्यात तंबू, स्टोव्ह, दोन सतरंज्या आणि काळं पडलेलं एक पातेलं. चार दिवस सुट्टी मिळाली की आई-बाबा निघायचे.

“मी काय भाजी आहे, टोपलीत घालून न्यायला?” आई पहिल्या दिवशी म्हणाली होती.

तेव्हापासून साइडकारचं नाव टोपली. आणि त्या टोपलीतून आईने तेवीस वर्षं प्रवास केला.

हेल्मेट आणि वारा यांच्यात बोलणं ऐकू येत नाही, पत्र्याचा बारीक आवाज मात्र येतो. म्हणून त्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. आई अंगठीने टोपलीच्या पत्र्याच्या काठावर वाजवायची.

एकदा वाजवलं तर हळू.

दोनदा, तर थांबा.

तीनदा म्हणजे सगळं ठीक आहे, जाऊ द्या.

डाव्या वळणावर बाबांच्या आधी तिला पुढचा रस्ता दिसायचा. वळण आलं की बाबा मान किंचित डावीकडे कलती करून तिच्या खुणेची वाट बघत.

“घरात तुझी आई माझं एक ऐकत नाही,” ते म्हणायचे. “रस्त्यावर मी तिचं प्रत्येक ऐकतो.”

तेवीस वर्षांत आईने एकदाही चुकीची खूण दिली नाही.

त्याआधीच्या जुलैमध्ये आई गेली. साधा ताप म्हणता म्हणता तीन दिवसांत. तिची अंगठी मला मिळाली. ती मी उजव्या हातात घालते.

आता वजनाचं.

रिकामी टोपली धोक्याची असते. डावीकडे वळताना ती उचलली जाते आणि सगळी गाडी उजवीकडे कलंडते. म्हणून आई सोबत नसेल तेव्हा बाबा टोपलीच्या सीटवर वाळूचं पोतं पट्ट्याने बांधत. आई गेल्यावर त्यांनी नवीन पोतं शिवलं. काट्यावर ठेवून, ओंजळीने वाळू घालत-काढत तोललं.

अठ्ठावन्न किलो. आईचं शेवटचं वजन.

बाबा मात्र रस्त्यावर काटा घेऊन हिंडत नसत. ते बोटांनी मोजत. टोपलीचं चाक आणि वरचं मडगार्ड यांच्यामधली फट. टोपली रिकामी असली की एक वीत. आई किंवा पोतं असलं की चार बोटं. मी शाळेत असताना हट्टाने आईच्या मांडीवर बसायचे, तेव्हा दोन.

निघण्यापूर्वी फट मोजायची, मगच किक मारायची. हे मी चालायला शिकले तेव्हापासून बघत आले.

त्या मार्चमध्ये बाबांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती. त्यांचं जेवण सुटलं होतं. हसणं तर केव्हाच. “गाडी काढतो चार दिवस,” असं ते म्हणाले तेव्हा मी रजा टाकली. मला जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते मला धडधाकट घरी परत आणायचं होतं.

“मी टोपलीत बसते,” मी म्हणाले. “पोतं घरीच राहू दे.”

“मागे बस.”

“बाबा, मी वाळूपेक्षा जड आहे. खात्री करून घ्या हवं तर.”

ते हसले नाहीत. मी मागे बसले.

तलावाशी पोचलो तेव्हा वारा सुटला होता. जमीन खडकाळ. तंबूच्या खुंट्या ठरेनात. मीच सुचवलं, पोतं काढून तंबूच्या कडेवर ठेवू. दोघांनी मिळून ते उचललं आणि ओढत नेलं.

मी पट्टा गुंडाळायला परत आले.

आणि सवयीने चाकाकडे बघितलं...

चार बोटं.

मी सीटकडे बघितलं. रिकामी. पुन्हा चाकाकडे. हात घालून मोजलं.

चार बोटं.

“बाबा,” मी म्हणाले, “टोपली वर आली नाही.”

हे वाक्य मी गिळायला हवं होतं. आजही ते माझ्या तोंडात परत येतं.

बाबा आले. खाली वाकले. फटीत बोटं घातली आणि तशीच ठेवली.

“स्प्रिंग अडकली असेल,” मी म्हणाले.

त्यांनी काठ धरून टोपली दाबली. ती खाली गेली, वर आली. आणि चार बोटांवर थांबली.

“दोन महिने झाले,” ते हळूच म्हणाले. “पोतं असताना दोन बोटं भरतायत. मला वाटलं, स्प्रिंग थकली. नवी मागवलीसुद्धा.”

“मग तेच असेल.”

“थकलेली स्प्रिंग अशी उसळते का गं?”



त्यांनी ट्रेलर सोडवला, गाडी सुरू केली आणि तलावाच्या कडेच्या मऊ मातीवर डावीकडे गोल फिरायला लागले. एक फेरी. दुसरी. वेग वाढत होता. रिकामी टोपली दुसऱ्याच फेरीत उचलली जायला हवी होती.

उचलली गेली नाही.

ते थांबल्यावर मी चाकोऱ्या बघायला गेले. तपासल्याशिवाय मला राहवत नाही. मातीत तीन चाकांच्या तीन रेघा होत्या. टोपलीच्या चाकाची रेघ बोटभर खोल होती. रिकाम्या टोपलीची रेघ अशी नसते.

मी उठून उभी राहिले.

पाठीमागे...

टिंग. टिंग. टिंग.

पत्र्यावर धातू वाजल्याचा आवाज. बारीक. स्वच्छ. बाबांचे दोन्ही हात हँडलवर होते. अंगठी माझ्या बोटात होती, आणि मी वीस पावलं लांब होते.

बाबांनी हेल्मेट काढलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आठ महिन्यांनी ते हसत होते.

“ऐकलंस?”

मी नाही म्हणू शकले असते.

“ऐकलं,” मी म्हणाले.

त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. दुसऱ्यांदा मागून घेतलं. आईच्या तक्रारी सांगितल्या, तिच्यासारख्या भुवया चढवून नक्कल करत. मग ताट बाजूला सारलं.

“आठ महिने तिच्या मांडीवर वाळू ठेवून हिंडलो मी.”

“बाबा, उद्या पोतं असू दे. ट्रेलरमध्ये नको, टोपलीतच. माझ्यासाठी.”

“तू बसशील मांडीवर अठ्ठावन्न किलो घेऊन?”

“असं नका बोलू.”

“मी फक्त विचारतोय.”

मी वाद घातला नाही. माझ्याकडे पुरावा होता ना. बोटांनी मोजलेला, मातीत बघितलेला, कानांनी ऐकलेला. आणि ते हसत होते.

पोत्याची शिवण मी उसवली. कांदा कापायच्या सुरीने. बाबांनी पोतं उलटं धरलं. वाळू सगळी तलावाकाठी सांडली, आणि काही वेळाने कुठली आपली, कुठली तिथली, ते कळेना.

सकाळी सातला आम्ही निघालो. निघण्यापूर्वी मी फट मोजली.

चार बोटं.

घाट उतरायचा होता. पहिली दोन वळणं उजवीकडची. तिसरं डावीकडे. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा. मागून ट्रेलरचा भार ढकलत होता. बाबांनी वेग कमी केला. मान किंचित डावीकडे कलती केली.

वाट बघत होते.

मलाही कळलं, कशाची.

आणि...

टिंग. टिंग. टिंग.

सगळं ठीक आहे, जाऊ द्या.

बाबांनी ब्रेक सोडला.

डाव्या वळणावर मागच्याने टोपलीकडे झुकायचं असतं. मी झुकले. उजव्या हाताने बाबांचं जॅकेट धरलं होतं. डावा हात आधारासाठी टोपलीच्या सीटवर टेकला.

सीट गरम होती.

रात्रभर उघड्यावर राहिलेली, दवाने भिजलेली सीट. सगळीकडे गार, आणि मधोमध गरम. ज्या खुर्चीतून माणूस आत्ताच उठलंय, तशी.

पुढच्या क्षणी ती माझ्या तळव्याला खालून ढकलत वर आली.

“बाबा,” मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसणार.

मी रस्त्यावर फेकली गेले. डावं मनगट मोडलं, बाकी खरचटलं. बाबा कठड्यावर आदळले. मी सरपटत त्यांच्यापाशी पोचले तेव्हा त्यांचं हेल्मेट अजून डावीकडे कललेलं होतं.

ते काही बोलले नाहीत. नंतरही नाही.

पोलिसांच्या साहेबांना साइडकारमधलं कळत होतं. “इतका जुना माणूस, आणि रिकामी टोपली घेऊन घाट उतरला?” ते म्हणाले. “वजन कोणी काढलं?”

“मी.”

त्यांनी लिहून घेतलं. पुन्हा विचारलं नाही.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांना मी खुणेबद्दल सांगितलं. ते चांगले होते. म्हणाले, तुमच्याच बोटातली अंगठी कशावर तरी वाजली असेल, धक्क्यात कळत नाही. मी म्हणाले, अंगठी उजव्या हातात होती आणि तो हात जॅकेटवर होता. ते “हं” म्हणाले.

मी आजवर हजारो पानांतल्या चुका काढल्या. या एका ओळीतली निघत नाही. आईने तेवीस वर्षांत कधी चुकीची खूण दिली नाही. मग ती आई नव्हती. किंवा आईच होती, आणि खूण चुकीची नव्हती.

दोन्हींतलं कुठलं बरं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

बाबांच्या कारखान्यातले लेथवाले काका गाडी टेम्पोत घालून घरी घेऊन आले. मोटरसायकलचं हँडल वाकलं होतं, पुढचं चाक गेलं होतं. टोपलीला ओरखडाही नव्हता.

“आत काय भरलंयस गं?” शेडमध्ये ढकलताना ते म्हणाले. “कंबर मोडली माझी.”

“काही नाही, काका.”

त्यांनी डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. चहा न घेता गेले.

मी त्या दिवशी लगेच मोजलं नाही. मला आशा वाटत होती, आणि तिची लाज वाटत होती. निदान ते तिच्यापाशी गेले असतील. गाडीवर ती टोपलीत आणि ते हँडलवर. आता दोघं एकत्र बसले असतील, दाटीवाटीने, एकमेकांना कोपरं मारत. दोन माणसांची दोन बोटं होतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन खाली वाकले.

चार बोटं.

वर्ष झालं. मी रोज कामाला जाण्यापूर्वी मोजते. कधी दोन नाहीत. कधी तीनही नाहीत.

बाबा तिच्यासाठी गेले. ते तिथे नाहीत.

ते कुठे आहेत, हे मी कोणाला विचारू?

गेल्या महिन्यात लेथवाले काकांनी मला न विचारता हँडल सरळ केलं, नवं चाक बसवलं. “तुझ्या बाबांचं काम होतं, अर्धवट कसं ठेवायचं,” म्हणाले. किल्ली खिळ्याला अडकवून गेले.

तेव्हापासून मी मोजायला वाकले की...

टिंग. टिंग. टिंग.

गाडी चालवायला बाबांनी मला कॉलेजात असतानाच शिकवलं होतं. टोपलीत आईला बसवून.