वेचणीची मूर्ती

मूर्तीचा गळा आडवा चिरला होता, पोटही चिरलं होतं. देवानंद सर मात्र अनुपचाच गळा धरायच्या बेतात होते.

"उद्या समिती येऊन राह्यली, चौकासाठी मूर्ती पसंत कराले. अन् या पोट्ट्यानं हे केलं! संध्याकाळी विद्यापीठाले कळवतो. याची पीएच.डी. संपली."

"सर, मी काऊन मोडू? तिच्या घडणीले माहेबी हात लागले," अनुप पुटपुटला.

नीलिमा आदिलाबादेत खासगी तपासाची कामं करायची. कापसाच्या विम्यापासून पळालेल्या जावयापर्यंत. आज सकाळी सरांच्या घरून बोलावणं आलं होतं. सोबत मारोतीकाका, निवृत्त पटवारी. अनुपचा चेहरा पाहून काका त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

मूर्ती दोन फुटांची, मातीची. कापूस वेचायला कंबरेत वाकलेली बाई, हनुवटी छातीला टेकलेली. ही सरांची माय. सरांनी, शेतमजुराच्या पोरानं, कलामहाविद्यालयात शेवटच्या वर्षी ती घडवली, बक्षीस मिळवलं, आणि त्या बक्षिसावर विद्यापीठात शिल्पकलेचा शिक्षक झाला. पुढं दर प्रदर्शनात तीच वाकलेली माय. आता निवृत्तीआधी ती गावच्या चौकात ब्राँझची व्हायची होती, त्यासाठी हा मातीचा नवा नमुना.

"आत काय आहे?" नीलिमानं विचारलं.

"ॲल्युमिनियमची तार," सर म्हणाले. "वाकते, म्हणून तर रूप देता येतं. पण वरची माती घट्ट झाली होती. न भिजवता वाकवली तर चिरते, हे पहिल्या वर्षाच्या मुलालेही ठाऊक असते."

"अनुप, सकाळी कशी सापडली?"

"ओल्या कापडात गुंडाळलेली. ताजं पाणीबी मारलं होतं. कापड सोडलं तं हे असं."

"काका, पाठीवर हात फिरवा."

काकांनी फिरवला. "चीर नाही बा. वळ्या पडल्या हायेत."

घराला रात्री आतून कडी होती. आत सर, अनुप, सरांची आई चंद्रभागाबाई आणि पाहुणे सुधाकरराव. सुधाकरराव विद्यापीठातलेच शिल्पकार. विभागप्रमुखपद सरांना गेलं, म्हणून धुसफुसत असायचे.

"राग आहे माझा, नाकारत नाही," ते म्हणाले. "पण फोडायचीच तर मी हातोडा घेईन, बाई."

काकांना गुन्हेगार सापडला. तसा त्यांना तो दर घरात दोनदा सापडायचा.

चंद्रभागाबाई भाकरी-ठेचा घेऊन आल्या. ऐंशी वर्षांची बाई, डोळ्यांवर चष्मा. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. दाराला न टेकता ताठ उभ्या.

"आजी, मूर्ती कशी वाटायची?"

"लोकायले लय आवडते."

"आणि तुम्हाला?"

"लोकायले आवडते न, बाई."

नीलिमानं ताटातली गार भाकरी उचलून वाकवली. बाहेरच्या अंगाला चर्रकन चीर गेली. आतलं अंग दुमडलं.

"वरून घाव बसता, धक्का लागता, तर ही अजून वाकली असती आणि पाठ चिरली असती. इथं पाठ दुमडली, चिरलाय गळा आणि पोट. म्हणजे कुणीतरी हनुवटी धरून मान वर केली, कंबर सरळ करू पाहिली. मोडायला नाही, उभं करायला! माती न भिजवता वाकवली, म्हणजे हात शिल्पकाराचा नव्हे. अनुप सुटला, सुधाकरराव सुटले, सर तुम्हीही. आणि चिरल्यावर पुन्हा ओलं कापड पांघरलं, पाणी मारलं. रागानं आलेला माणूस एवढी माया करत नाही."

उरलं कोण, हे काकांनाही कळलं. कधी नव्हे ते त्यांना कळल्याचं वाईट वाटलं.

"मीच केलं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "वाटलं, पाण्यानं जुळून जाईल. अनुपबापू, तुह्यावर येईन असं नाई वाटलं रे. सांगाले तोंडच उघडत नवतं."

"माय, पण काऊन?"

"तू मास्तर झाला, घर झालं. मी अक्षर वळवाले शिकली, पेपर वाचतो आता. मी कवाच उभी राह्यली, बाबू. तुह्या मूर्तीतच वाकून राह्यली. आता चौकात, आपल्याच लोकायपुढं, मेल्यावरबी वाकूनच राहू का?"

देवानंद सर भिंतीवरच्या प्रदर्शनांच्या फोटोंकडे बघत राहिले. प्रत्येकात तीच पाठ. मग ते अनुपकडे वळले, हात जोडले. "चुकलो, बापू. नवी तार काप. सरळ."

"सर, उद्या समिती..."

"ओली दाखवू. माय, इथं उजेडात उभी राह्य."

चंद्रभागाबाई पुढं आल्या, पदर सारखा केला. सरांचा मातीत मळलेला हात सवयीनं त्यांचा चष्मा काढायला पुढं गेला.

"चष्मा राहू दे," माय म्हणाली.