आखाडातला उतारू

जेवणे आटोपली होती. ओटीवर काशीराममास्तर पानाला चुना लावत बसले होते आणि सुट्टीला रत्नागिरीत आलेली त्यांची भाचरे, सखू आणि शिवा, त्यांच्या मागे लागली होती.

"मामा, भुताची सांगा. पण खरी हां," सखू म्हणाली.

"आणि मागच्या खेपेसारखं शेवटी मांजर निघायला नको," शिवाने टोमणा मारला.

मास्तर हसले. "मांजर नाही. लांज्याकडचा भिकाजी, माझा शाळासोबती. त्याच्यावर गुदरलेली आहे. पण मग 'मामा, परसापर्यंत सोबतीला चला' म्हणायचं नाही."

कंदिलाची वात त्यांनी जरा खाली केली आणि सांगू लागले.

भिकाजीचे गाव लांज्यापासून दीड कोस आत. भात, नाचणी, चार फणस, एवढाच संसार. धाकटा भाऊ बाळा मुंबईला गिरणीत होता. एका वर्षी वैशाख सरता सरता आगबोटी बंद झाल्या, तरी पेरणीला पोचायचेच म्हणून तो एका गलबतात बसला. जयगडच्या खाडीच्या तोंडाशी गलबत वाळूवर चढले आणि फुटले. चौघांची प्रेते मिळाली. बाळाचे मिळाले नाही.

बाळाची बायको चिमा. तिने कुंकू पुसले नाही. "मेलेलं कोणी पाहिलं नाही, तर मेला कसं म्हणू?" एवढेच ती म्हणे. भावकीने दोन वर्षे कळ काढली. मग बैठक बसली आणि ठरले, की श्रावण लागायच्या आत पळसाच्या पानांचा पुतळा करून बाळाची क्रिया उरकायची. म्हणजे त्याच दिवशी चिमाचे कुंकूही जाणार.

बैठक उठल्यावर चिमा दाराआडून थोरल्या दिराला म्हणाली, "भावजी, त्या गलबतावरचा एक खलाशी वाचला म्हणतात. त्याला एकदा विचारून या. तो गेले म्हणाला, तर मी माझ्या हातानं पुशीन. कुणाला बोलवायला नको."

म्हणून भिकाजी ऐन आखाडात बंदरावर निघाला. खलाशी घरी सापडायचा तो बंदर बंद असतानाच. बाकीचे आठ महिने त्याचे घर पाण्यावर.

साल १९३२. आषाढ वद्य दशमी. रत्नागिरीपर्यंत मोटार मिळाली, पुढे घोंगडीची खोळ घेऊन पायी. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो जयगडात पोचला. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, वखारीला कुलूप, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. हंगामात जिथे उतारूंच्या गर्दीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, तिथे फक्त पाण्याचा आवाज.

भिवा खलाशाचे घर विचारायला वेळ लागला नाही. दारात त्याची बायको ठमाबाई उभी होती.

"आखाडात पावना? वाट चुकलास, की बायकोशी भांडून आलास?"

"बायको बरी आहे, वयनी. पावसाशी भांडून आलोय."

"मंग ये आत. पावसाशी भांडनारा पैला तूच."

तिने पेज वाढली, बाजूला भाजलेला सुका बांगडा. जेवण झाल्यावर भिवाने विडी पेटवली. भिकाजीने बाळाचे नाव घेतले, तेव्हा त्याने हातातली विडी न ओढताच विझवली.

भिवाचे काम काय, ते सांगायला हवे. जयगडला होडी थेट कोरड्याला लागत नाही. ती गुडघाभर पाण्यात टेकते. तिथून उतारूला खांद्यावर बसवायचे आणि कोरड्या वाळूवर नेऊन ठेवायचे. उतारूचा पाय भिजला, तर त्या खलाशाची अख्ख्या बंदरात चेष्टा व्हायची. भिवाच्या खांद्यावरच्या उतारूचा पाय कधी भिजला नव्हता.

"गलबत फुटलं, तवा तुज्या भावाला मी खांद्यावर घेतला व्हता," भिवा म्हणाला. "छातीएवढं पानी. मागनं लाट आली..."

"मग?"

"मी सोडला."

ठमाबाई भांडी घासायची थांबली. तिलाही हे नवीन होते.

"जाताना बगितला मी त्याला. दोन वरसं कुनाला बोललो नाय. आज तू दारात आलास, आनि मला वाटलं तोच आला. तुजं तोंड तसंच हाय."

उत्तर मिळाले होते. आता ते घरी न्यायचे होते.

निजायच्या वेळी भिवा पडवीत आला. "दादा, आनखी एक. बंदर बंद झालं की रातचा तो हाका मारतो. उचला म्हनतो. आमी कोन जात नाय. तू भाऊ हायेस, तू जाशील. जाऊ नको. आनि गेलासच, तर पान्यातच ठेव त्याला. कोरड्यावर ठेवलास, की तो उतरला. उतारू उतरला, की घरीच जातो."

पाऊस कौलांवर पडत होता. भिकाजीचा डोळा लागला नाही.

जकातीच्या नाक्यावर दोनचे टोले पडले. आणि पाऊस एकदम थांबला.

"दादा..."

ओरडून नाही. डोक्यावर भारा असला, की बाळा अंगणातून मारायचा तशी हाक.

"दादा, उचल."

भिकाजी उठला. कडी काढली. शाकारलेल्या होड्यांमधून खाली गेला. चंद्र ढगाआड होता, तरी पाणी दिसत होते. कमरेएवढ्या पाण्यात कोणीतरी उभे होते. तोंड दिसत नव्हते.

तो जवळ गेला. पाठ केली. पाण्यात वाकला.

खांद्यावर वजन आले. फार नाही. लहानपणी पऱ्याचे पाणी ओलांडताना बाळाला असाच शाळेत न्यायचा, तेवढेच. दोन्ही कानांजवळ दोन मांड्या. गार...

तो चालू लागला. पाणी मांडीएवढे. मग गुडघ्याएवढे. आणखी वीस पावले. पाणी गुडघ्याएवढेच.

वजन वाढत होते.

"बाळा?"

...

"बाळा, काय तरी बोल."

वर श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"चिमा वाट बघते."

मांड्या आवळल्या.

पाणी पोटरीला आले. मग घोट्याला. पुढे चार पावलांवर कोरडी वाळू पांढरी दिसत होती. भिकाजी थांबला. भिवाचे शब्द त्याच्या कानात होते. नुसते वाकायचे. इथेच. एकदा वाकले, की संपले.

तो वाकलाही. अर्धा.

मग त्याला चिमाचे कपाळ दिसले.

एक पाऊल. दुसरे. तिसरे...

कोरड्या वाळूवर तो गुडघे टेकून बसला. खांदे हलके झाले. मागे वळून पाहायला त्याला किती वेळ लागला, ते त्यालाच सांगता येत नाही. पाहिले, तेव्हा तिथे कोणी नव्हते. पाऊस पुन्हा सुरू झाला.

तो भिवाच्या घराशी परत आला. भिवा दारात कंदील घेऊन उभा होता. त्याने भिकाजीकडे पाहिले. मग त्याच्या मागे पाहिले. आणि दार लावून घेतले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिकाजी घरी पोचला. काय सांगायचे, ते वाटभर ठरले नव्हते. चिमाने पायांवर पाणी घातले आणि काही विचारले नाही. तिचे लक्ष फाटकाकडे होते. शेवटी भिकाजीने भावकीला सांगितले, की खलाशी भेटला नाही. क्रिया लांबली.

मास्तर थांबले. सखू शिवाला चिकटून बसली होती.

"पुढं?" शिवाने हळूच विचारले.

"पुढच्या वैशाखात मी त्यांच्याकडे गेलो होतो. चार दिवस आधीच भावकीतली माणसं पुन्हा येऊन गेली होती. पुतळ्याची पानंसुद्धा आणली होती त्यांनी. ती तशीच पडवीत वाळत पडलेली. मी चिमाला विचारलं, 'काय गं, माणसं परत का गेली?' ती म्हणाली, 'मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच बघा.' तिनं खोलीचं दार उघडलं. बाहेर विहिरी आटलेल्या, नदीत धोंडे उघडे पडलेले. सारवलेल्या जमिनीला भेगा गेल्या होत्या. तिची चटई उजवीकडे अंथरलेली. आणि डावीकडे..."

"डावीकडे काय, मामा?"

"जमीन ओली होती. बाकी सगळी कोरडी ठणठणीत. तेवढीच ओली. माणूस निजला तर जेवढी जागा लागेल, तेवढी. भिकाजी मागे उभा होता. तो आत आला नाही. मी खाली बसलो, बोट टेकलं, आणि काय वाटलं कोण जाणे, जिभेला लावलं."

मास्तरांनी विडा हातातच ठेवला होता.

"खारट होतं."